पडद्यावरचा राक्षस, पाटावरचा नवरा

माझं लग्न एका राक्षसाशी ठरलं. माझ्या मामाने तो तंबूतल्या सिनेमात पाहिला होता.

मी ही अशी ताडमाड. राजापुरात मला बघायला आलेलं प्रत्येक स्थळ पोहे खाऊन गेलं ते गेलंच. "मेले, जरा वाकून चाल!" म्हणून आई करवादायची. आता एक बिजवर तेवढा उरला होता, त्याचे दातसुद्धा पडायला लागले होते.

सिनेमातला राक्षस म्हणजे काय विचारता! वानर त्याच्या गुडघ्याएवढे. चौकशी केली तर तो रत्नागिरीचा, कचेरीत कारकून, आणि बिनलग्नाचा. "हिला शोभेल असा हाच!" म्हणत मामा धावला. मुलगा झोपाळ्यावरून उठलाच नाही. मामाला वाटलं, केवढा भारदस्त! त्यांची माणसं आमच्याकडे आली तेव्हा मलाही सतरंजीवरून उठू दिलं नाही. फिट्टंफाट.

लग्नात मी शालूच्या आत गुडघे मोडून उभी. मामा कानात खेकसतोय, "अजून वाक, डोकं अंतरपाटावर येतंय!" मंगलाष्टकं संपतील तर शपथ. शेवटी अंतरपाट दूर झाला. समोर अगदी माझ्याएवढा नवरा! मी खुशीत माळ घातली.

मग हे खाली उतरले. एकावर एक रचलेल्या तीन पाटांवरून! माझेही गुडघे भरून आले होते, मी सरळ झाले. हे माझ्या खांद्याशी. मांडवात हशा पिकला. सासूबाई मामाकडे बघतायत, मामा सासूबाईंकडे, दोघंही सारखेच चोर. सप्तपदी अजून व्हायची होती. इथे मोडलं तर? मला तो बिजवर दिसायला लागला. घाबरून मी पुन्हा वाकले.

"ताठ उभी राहा गो," हे म्हणाले. "राक्षस व्हायचा तो खरा पैलवान आगबोट लागून, ओकून ओकून आडवा झाला, म्हणून मला कॅमेऱ्याच्या नाकासमोर कातळावर उभं केलं. वानर पार लांब, पाण्यापाशी. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. बाकी राक्षस मी एवढाच."

मला हसू फुटलं. सप्तपदी झाली.

नंतर फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा मागे सरा, म्हणजे दोघं सारखी दिसाल."

"मागे नको," हे म्हणाले. "तिला माझ्याजवळ उभी करा."

तो फोटो अजून ओटीवर आहे. त्यात मी ताठ उभी आहे.