ताईच्या जीपचा टर्बो

माझी थोरली बहीण पाटोद्याजवळच्या एका खेड्यात राहते आणि घरची जीप तीच चालवते. दाजींना गाडी येते, पण शेजारी बसून रस्त्याकडं बघत राहणं त्यांना जास्त आवडतं. सीताफळाच्या दिवसांत ताई क्रेट भरून घाट चढून बाजाराला जाते. जुनी डिझेल जीप, टर्बो नसलेली. घाटात ती दुसऱ्या गिअरवर कण्हत चालायची आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून ताईला वैताग आणायचे.

दोन वर्षांमागं तिचा फोन आला. "दिंद्रुडला एक जीप भंगारात निघालीय. तिचा टर्बो चांगला हाय. आपल्या इंजिनाचं आतलं सामान त्याच्यापुढं तग धरंल का, एवढंच सांग."

मी पुण्यात गॅरेजात सुपरवायझर आहे, डिप्लोमा केलेला. लगेच शिकवायलाच लागलो. टर्बो हवा दाबून आत कोंबतो, जास्त हवेत जास्त डिझेल जाळता येतं, मग पिस्टन तापतात, त्यांच्या रॉडवर दाब वाढतो, इंजिनाचं झाकण घट्ट बसवणारं हेड गॅस्केट उडतं.

"म्हणजे न्हाई म्हण की."

"नाही टिकणार."

"उघडून बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. पोळ्याला सुट्टी काढून गेलो आणि आम्ही तिघं जीप घेऊन पाटोद्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. दाजींना हे सगळंच नको होतं. "चालती गाडी हाय, कशाला खोलायची?" असं ते तीनदा म्हणाले, आणि तरीही खोलताना बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले.

मिस्त्रींनी खालचं ऑइल चेंबर काढलं आणि मला आत डोकवायला लावलं. प्रत्येक सिलिंडरखाली एक बारीक नळी होती, पिस्टनवर खालून तेल मारून त्याला थंड ठेवणारी. अशी नळी टर्बोच्याच इंजिनात असते, असं मी धरून चाललो होतो, मिस्त्रींनाही तसंच सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, कंपनीनं दोन्ही गाड्यांना ब्लॉक एकच वापरलाय. पिस्टन मात्र साधे हायेत, तेवढं तुमचं बरोबर." मला ओशाळल्यासारखं झालं.

मग मिस्त्रींनी पिस्टन बाहेर काढले. रॉड सरळ होते. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्या होत्या, बेअरिंगवर चरे होते. मिस्त्रींनी साफ सांगितलं, "रिंगा, बेअरिंग, गॅस्केट नवं घालू. टर्बोचा दाब कमी ठेवू. पंपाचं डिझेल अगदी थोडंच वाढवीन आणि ते वाढवायच्या स्क्रूला सील मारीन. तो कुणी फिरवला तर माझ्याकडं येऊ नका."

"फिरवणार न्हाई," ताई म्हणाली. "मला शर्यत लावायची न्हाई. तिसऱ्या गिअरवर घाट चढायचाय."

दिंद्रुडहून टर्बो आणून बसवेपर्यंत चार दिवस लागले. शेवटचे दोन दिवस मीही हात काळे केले. पुण्यात हल्ली माझ्या हातात कागदच जास्त असतात.

पहिली फेरी भरल्या गाडीनं केली. ताईनं वळणाआधी तिसरा टाकला. बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली आणि गाडी ओढतच राहिली. मी मागं बसून धूर बघत होतो. फिकट होता, म्हणजे डिझेल जास्त जात नव्हतं. दाजी दांडी घट्ट धरून म्हणाले, "आता चौथा टाकू नको बरं का!" ताई इतकी हसली की वर पोचल्यावर तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. दाजींनी उतरून टायरला उगाच लाथ मारून बघितली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "चांगली झाली की."

तेव्हापासून सीताफळाचे दोन हंगाम झाले. गॅस्केट शाबूत आहे, तेल जळत नाही. मधे क्लच मात्र घसरायला लागला. वाढलेला जोर त्याला झेपेना, आणि त्याचा विचार ना मी केला होता ना मिस्त्रींनी. ताईनं नवी क्लच प्लेट टाकून घेतली आणि काम झाल्यावर मला कळवलं.

"आधी का नाही विचारलंस?" मी म्हणालो.

"तू परत समजावून सांगत बसला असतास," ती म्हणाली. "मला फळं बाजारात उतरवायची होती."