नणंदेच्या रक्तातल्या पेशी

लॅबमध्ये तिला सगळे घार म्हणत. रुग्णाच्या रक्ताच्या नळीत कोट्यवधी पेशी असतात आणि त्यांत कॅन्सरच्या मोजक्याच लपलेल्या असतात. रंग दिला की त्या मायक्रोस्कोपखाली हिरव्या चमकतात. त्या शोधून मोजायच्या, हे तिचं काम. घरी मात्र तिला स्वतःचा चष्मा सापडत नसे.

एके दिवशी कॅन्सरवर उपचार घेत असलेली तिची नणंदच तपासणीसाठी रक्त द्यायला आली. दोघींचं लग्नमंडपापासून वाकडं. नणंदेने बाही वर सारली आणि म्हणाली, "वहिनी, नीट मोज हं. राईचा पर्वत करायची खोड आहे तुला."

"हात सरळ ठेव. रक्त द्यायलाही नखरे!" असं म्हणत घारीने सुई टोचली.

उपचारांआधी नणंदेच्या रक्तात डझनभर पेशी सापडल्या होत्या. आज तीनच दिसल्या. घारीचा स्वतःवर विश्वास बसेना. आपण मायेपोटी डोळेझाक तर करत नाही ना, या शंकेने तिने काही न सांगता स्लाइड सहकाऱ्याकडे दिली. त्यानेही तीनच मोजल्या. घार बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली, नाक शिंकरून बाहेर आली.

"पेशी कमी झाल्यात," तिने बाहेर थांबलेल्या नणंदेला सांगितलं. "पुढचं डॉक्टर सांगतील."

"म्हणजे इतक्यात मरत नाही मी?"

"कसली मरतेस! माझं डोकं कोण खाईल मग?"

नणंदेने डोळे पुसले. "मग चहा पाज. कॅन्टीनचा पाज, तुझ्या हातचा नको."

कॅन्टीनमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि संध्याकाळपर्यंत जुनी भांडणं उकरून उकरून भांडल्या.