चौथ्या दिवसानंतरचे मासे

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. बेडूक फाडून दाखवायचे, बरण्यांतलं औषध बदलायचं, मुलांच्या वह्या तपासायच्या, एवढंच काम. विभागात बाई मी एकटीच. रावेरकडच्या केळीवाल्या घरातली मुलगी मेलेल्या बेडकांत काय करते, हे गावाला कधी कळलं नाही आणि मीही सांगत बसले नाही.

आदल्या पावसाळ्यात कपाशीवर मारायची नवी पावडर तालुक्यात आली होती. पाण्यात कालवून पंपाने फवारायची. फवारणी झाली की शेतकरी पंप नदीच्या डोहात धुवायचे. डोहातल्या मासळीवर जगणाऱ्या भोयांनी तक्रार केली, तेव्हा शेतकीचे एक साहेब आमच्या सरांकडे आले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. साहेबांना कॉलेजचं एक पत्र हवं होतं. सरांनी ते काम माझ्यावर टाकलं. "चार दिवस मासे ठेवा त्या पाण्यात. काय होतं ते लिहा."

कॉलेजच्या दारात मासे विकायला बसणारी एक म्हातारी भोईण होती. तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याकडून मी बोटाएवढे जिवंत मासे घेतले. मागच्या अंगणात सिमेंटचे चार हौद होते. दोनांत नुसतं नदीचं पाणी भरलं आणि दोनांत पावडरीचं, डोहात मिसळत असेल तितकंच पातळ. चार दिवस गेले. एकही मासा मेला नाही.

मी ते अक्काला सांगितलं. तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "मासा मरतस असं आम्ही कधी म्हन्तं? मोठा मासा बठ्ठा जित्ता शेतस. पिल्लं कोठे शेतस, ते सांग."

मोठे मासे सगळे जिवंतच होते, डोहात पिलं दिसत नव्हती. मला लाज वाटली. तक्रार काय होती हे मी तक्रार करणाऱ्यांना विचारलंच नव्हतं. मी सरांना म्हटलं, "चार दिवस पुरत नाहीत. मासे अंडी घालेपर्यंत ठेवायला हवेत."

"म्हणजे किती दिवस?"

"पावसाळा संपेपर्यंत."

सर हसले. "ठेवा. पण कॉलेजच्या वेळात नाही."

मग मी सकाळी कॉलेज उघडण्याआधी यायला लागले. दर तिसऱ्या दिवशी अर्धं पाणी उपसायचं, नवं भरायचं, पावडर पुन्हा मोजून घालायची. कणकेच्या गोळ्या टाकायच्या. पाण्यात हवा जावी म्हणून तांब्या उंच धरून धार सोडायची. वैशाखात हौद तापले. ओली पोती टाकली, तरी एका दुपारी चारही हौदांतले मासे उलटे तरंगले, स्वच्छ पाण्यातलेसुद्धा. सर म्हणाले, "बघा. तुमचे चांगल्या पाण्यातलेही मेले. आता पुरे."

"ते उन्हाने मेले, सर. तसंच लिहिलंय वहीत."

"आणि आता?"

"आता पुन्हा सुरू करते."

अक्काने नवे मासे दिले आणि हौदांवर टाकायला पळसाच्या फांद्याही आणल्या. या वेळी मी पाणवनस्पतीही सोडली. श्रावणात चारही हौदांतल्या माशांनी अंडी घातली. स्वच्छ पाण्यात काही दिवसांत पिलं वळवळायला लागली. पावडरीच्या पाण्यात अंडी पांढरी पडून विरून गेली. जी थोडी फुटली, त्यातल्या पिलांचे कणे वाकडे होते. ती एकाच जागी गोल फिरत आणि दोन-तीन दिवसांत तळाला बसत. आईबाप मात्र धडधाकट, गोळी टाकली की वर येत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मी रोज बघितलं आणि रोज लिहिलं.

साहेब परत आले, ते कागद टाइप करूनच. सरांच्या खोलीत तो माझ्यासमोर ठेवला. त्यात एकच वाक्य होतं. या औषधाच्या पाण्यात मासे मरत नाहीत.

"खरं आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"खरं आहे. पण अर्धं."

"उरलेलं अर्धं आम्ही विचारलेलं नाही."

"मग सही दुसऱ्या कुणाची घ्या."

सर मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही."

"माहीत आहे, सर." मी पेन उघडलं आणि त्या वाक्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मात्र त्यांची पिलं जगत नाहीत.' त्याखाली सही केली. साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तो पुढे कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हौद रिकामे करण्याचा हुकूम आला. टर्म संपल्यावर मलाही मोकळं केलं.

हौद रिकामे करताना मी दोन बरण्या भरून घेतल्या. एकीत सरळ पिलं, दुसरीत वाकडी. अक्का मला डोहाकाठच्या गावात घेऊन गेली. चावडीवर शेतकरी बसले होते. मी बरण्या मध्ये ठेवल्या आणि काय केलं, कसं केलं, ते सांगितलं. वैशाखातले मासे उन्हाने मेले, तेही सांगितलं. एक जण म्हणाला, "ताई, फवारनी बंद करसूत ते कापूस जाई."

"बंद करा म्हणत नाही मी. पंप डोहात धुऊ नका."

एका आबांनी वाकडी पिलं असलेली बरणी उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "आपला ढोरं बी तठेच पानी पेतस." त्या हंगामापासून त्या एका गावाने पंप बांधावर, खड्डा करून धुवायला सुरुवात केली. बाकीची गावं डोहातच धूत राहिली. पावडरही खपत राहिली.

पुढे भुसावळच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. आधीची नोकरी का सोडली, असं विचारलं. म्हटलं, "सोडली नाही. काढलं." आणि का काढलं ते वही उघडून पहिल्या पानापासून सांगायला लागले. हेडमास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी थांबले नाही.