चंदनाच्या पेटीतले सिगार

आमच्याकडे चार माणसे जेवायला जमली की ताकभातापर्यंत माझ्या सिगारांची गोष्ट निघतेच, आणि ती सांगण्याचा मान माझ्या मेहुण्याने परस्पर स्वतःकडे घेतला आहे. गोष्ट अशी. सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या साहेबांनी मला सिगारांची एक जुडी भेट दिली. बायकोला तो वास सोसेना. तिने भोळेपणाचा आव आणून जुडी देवघरातल्या चंदनाच्या पेटीत ठेवली. उन्हाळाभर तंबाखूने चंदनाचा वास पिऊन घेतला, सिगार वाया गेले आणि मला मात्र काहीच उमगले नाही. "दाजी गच्चीवर बसले की जामबाग मोहल्ल्यातल्या लोकांना वाटायचं, आज कुठंतरी सत्यनारायण आहे!" असे म्हणून तो भरल्या पानावरून टाळी मागतो. त्याची अक्का, म्हणजे माझी पत्नी, अशा वेळी वाढण्यात गुंतलेली असते. ती होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

ही गोष्ट मी तोंडी पुष्कळदा खोडून काढली आहे. परंतु हशाच्या आवाजात प्रतिवाद ऐकू जात नाही, म्हणून आता लिहून ठेवतो.

मला काही उमगले नाही, हे पहिले असत्य. सिगार हा मुळात नाकाचा विषय आहे, आणि माझे नाक शाबूत आहे. ज्यांनी आयुष्यात सिगार हातात धरला नाही त्यांना तो म्हणजे जाडजूड सिगारेट वाटतो. सिगारमध्ये कागदाचा कपटाही नसतो. आत चवीची पाने, त्यांना आवळून धरणारे एक पान आणि सर्वांत वर, शिरा जेमतेम दिसतील असे, टसरच्या वस्त्रासारखे मऊ, किंचित तेलकट पान. हे सारे माणसाच्या हाताने वळलेले असते आणि तरीही टोकापासून टोकापर्यंत त्यातून वारा सरळ वाहतो. मी रेल्वेत उभी हयात घालवली. वस्तू चांगली घडवलेली आहे की नाही, हे मला कळते.

ओढायचे कसे, ते मला हैदराबादच्या आबिड्समधल्या एका तंबाखूवाल्याने शिकवले. तो म्हणाला, "साब, धुआँ पेट में नक्को उतारो. मुँह में रखो, उससे बात करो." काडी पेटली की लगेच लावायची नाही, गंधकाचा भपका आधी निघून जाऊ द्यायचा. ज्योत पानाला टेकवायची नाही. निखाऱ्यावर भाकरी शेकावी तसे टोक फिरवत शेकायचे. राख झटकायची नाही. चांगल्या सिगारची राख बोटभर होईस्तोवर धरून राहते, आणि तिच्याकडे पाहत बसण्यात जो आनंद आहे तो घाईच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. शेवटी सिगार चिरडून विझवायचा नाही. राखदाणीत ठेवून द्यावा, तो आपल्या वेळेने शांत होतो. माझी राखदाणी बिदरी कामाची आहे, काळ्या धातूत चांदीची वेल असलेली. टोक कापण्यासाठी मी बरीच वर्षे वडिलांचा सुपारीचा अडकित्ता वापरत असे. पुढे माझ्या सुनेने पुण्याहून येताना दोन पात्यांची पोलादी कातर आणली. "बाबा, ही नीट कापते. अडकित्त्यानं सालपट उसवतं," ती म्हणाली. सालपट कधी उसवले नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितले. परंतु कातर उत्तम आहे. पात्यावर पाते असे बसते की मधून केसही जाऊ नये. तेव्हापासून मी तीच वापरतो.

माझ्या मुलाचा आक्षेप वेगळा. "बाबा, हे इंग्रजांचं खूळ आहे." मी त्याला विचारले, तू या शहरात जन्मलास आणि चुट्टा पाहिला नाहीस? तेलुगू मुलखातल्या स्टेशनांवर, पाटीशेजारी उकिडव्या बसून घरी वळलेला तो जाड चुट्टा ओढणाऱ्या म्हाताऱ्या मी गाडीच्या खिडकीतून पाहिल्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मुलगा म्हणाला, "बरं, तुमचंच खरं." वादात हरल्यावर हल्लीची माणसे असेच म्हणतात.

आता दुसऱ्या असत्याकडे येतो. बायकोने सिगार मुद्दाम खराब केले, असे मेहुणा म्हणतो. चंदनाची ती पेटी तिच्या माहेरची, परभणीकडची. तिच्यात तुळशीच्या माळा आणि तिच्या आईची नथ असे. आमच्या लोकांत ज्याचा मान राखायचा ते चंदनात ठेवतात. साहेबांनी दिलेली भेट तिने त्या पेटीत ठेवली, याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही. सिगारला चंदन चालत नाही, हे आमच्यासारख्या घरात कोणाला ठाऊक असणार? शिवाय पेटीच्या तळाशी तिने पांढऱ्या मलमलीचा तुकडा घडी करून घातला होता. ज्याला वस्तू नासवायची असते तो तिच्याखाली मलमल अंथरत नाही. हा माझा मुख्य पुरावा होय.

पुढचा पुरावा म्हणजे तुनाची पेटी. सिगारला तुनाचे लाकूड मानवते, असे तंबाखूवाल्याने सांगितले होते. पुढच्याच वर्षी बायकोने एका मोडीत निघालेल्या पुस्तकांच्या कपाटाची तुनाची फळी स्वतः पारखून घेतली आणि सुताराकडून पेटी करवली. झाकण बसवताना ती शेजारी उभी होती. "आणखी घट्ट. वारा शिरला नाही पाहिजे," असे तिने त्याला इतक्यांदा सांगितले की शेवटी तो म्हणाला, "अम्मा, इसमें क्या साँप रखते?" हैदराबादच्या उन्हाळ्यात सिगार वाळक्या पानासारखा चुरतो. त्यावर तिनेच उपाय काढला. मातीची कोरी पणती पाण्यात मुरवायची आणि पुसून पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची. पावसाळ्यात पणती काढून घ्यायची, नाहीतर बुरशी येते. सिगार दोन बोटांत किंचित दाबून ती सांगते, "आज पाणी नको." आर्द्रता मोजायची तबकडी मीही आणून ठेवली आहे. तबकडीचे आणि तिचे क्वचितच दुमत होते, आणि झाले तर आम्ही तबकडीवर विश्वास ठेवत नाही.

मी आठवड्यातून एकच सिगार ओढतो, रविवारी, ऊन उतरल्यावर, गच्चीवर. तीही वर येते. वारा जिकडून येतो त्या बाजूला खुर्ची टाकून मेथी नाहीतर गवार निवडत बसते, आणि सिगार संपेपर्यंत आम्ही बोलतो. इतर दिवशी आमचे बोलणे दूधवाला, औषधे आणि विजेचे बिल यांपलीकडे सहसा जात नाही.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त असे की यंदा आम्ही जामबाग सोडून मुलाच्या नव्या फ्लॅटवर राहायला जायचे ठरले. सामानाची निवड चालू असताना मुलगा तुनाच्या पेटीपाशी थांबला.

"बाबा, ही मामाकडे देऊन टाकू या का? तिथं आपण सगळे एकत्र राहणार. आणि आईलाही सुटल्यासारखं होईल. इतकी वर्षं सहन केलं तिनं."

मुलाशी वाद घालणे मला अवघड नव्हते. परंतु "सहन केलं" हे शब्द मला लागले. मेहुण्याची गोष्ट थट्टेपुरती होती तोवर ठीक होते. आता तिच्या आधारे निर्णय होऊ लागले होते. मी मनाशी ठरवले की तिने खरोखरच सहन केले असेल, तर पेटी जाईल आणि रविवारचा सिगारही जाईल. ते तिच्याच तोंडून ऐकायचे होते. ती स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"अगं, खरं सांग. ते सिगार चंदनाच्या पेटीत का ठेवलेस?"

"आता विचारताय? म्हातारपणी?"

"उत्तर दे."

"भाऊ सांगतो तेच खरं आहे. मुद्दाम ठेवले होते." तिने बरणीवर सुतळी आवळली. "रिटायर झालात. वाटलं, आता हा माणूस घरात बसेल, दोन शब्द बोलेल. तर तुम्ही ती जुडी घेऊन गच्चीवर. चीड आली मला."

मी खुर्ची ओढून बसलो.

"पण पेटीतला पहिला ओढलात ना, तेव्हा मी जिन्यात उभी होते. कारल्याचा रस प्याल्यासारखं तोंड झालं होतं तुमचं. मला पाहिलंत आणि म्हणालात, 'काय छान राहिलेत गं!' सगळी जुडी तशीच संपवलीत. एकदा चकार शब्द काढला नाहीत. मग चीड कुठली राहते? मीच वर यायला लागले."

"म्हणजे सहन नाही केलंस?"

"पहिले दोन महिने केलं. आणि ती पेटी माझी आहे. फळी मी निवडली, सुताराशी मी भांडले. ती कुठं जाणार ते पोरानं ठरवायचं नाही. सांगा त्याला. नाहीतर राहू द्या, मीच सांगते."

प्रतिपक्षाचे म्हणणे दडवणे मला शोभत नाही, म्हणून तिची हकिकत येथे जशीच्या तशी दिली आहे. मात्र ती मला मान्य नाही. माणूस रागात काय करतो, हे त्याला पुढे नीट आठवत नाही. मलमलीचा तुकडा मी तिच्यासमोर ठेवला. ती म्हणाली, "तंबाखूचा डाग चंदनाला पडू नये म्हणून घातला होता तो." या खुलाशावर माझा विचार अजून चालू आहे.

निघायच्या दिवशी ती तुनाची पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसली. मेहुणा सामान चढवायला आला होता. खिडकीत वाकून म्हणाला, "अक्का, एवढं काय धरून बसलीस? आत दाजी आहेत का?"

"ते पुढं बसलेत. त्यांना धरावं लागत नाही."

नव्या घरी पहिल्या जेवणाला पुन्हा सगळे जमले, आणि ताकभाताच्या सुमारास मेहुण्याने नियमाप्रमाणे सुरुवात केली. सत्यनारायणापर्यंत पोहोचून त्याने टाळीसाठी हात पुढे केला, तेव्हा माझी पत्नी आमटीचे पातेले घेऊन उभी होती. ती प्रथमच मध्ये बोलली.

"पुरे रे. चांगले लागले होते ते सिगार त्यांना."

हे विधान सपशेल खोटे होते. त्या जुडीइतके वाईट सिगार मी पुढे कधी ओढले नाहीत. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुलगा तर मी तोंड उघडण्याची वाटच पाहत होता.

मी ताक मागितले.