दगडी झाडं पाहायला निघालो आणि गाडी परत फिरली

नाव काठावर ओढली की आम्हा दोघांना जमिनीवर काय करावं ते सुचेनासं व्हायचं.

ही हकिकत पन्नासच्या दशकातली. आमचे हे नागपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कमाईचं काम उन्हाळ्या-पावसाळ्यात उरकायचं आणि दिवाळी झाली की कुलूप लावून निघायचं, असा आमचा शिरस्ता होता. आष्टीच्या घाटावर ह्यांनी एक जुनी नाव घेतली होती. तिच्यावर बांबूच्या तट्ट्यांचं छत, आत एक चूल आणि दोन वळकट्या. वैनगंगेतून प्राणहितेत उतरायचं आणि पौषात पाणी ओसरून खडक वर आले की सिरोंच्याला थांबायचं. नातेवाईक आम्हाला वेडे म्हणत. मूलबाळ नाही म्हणून असले उद्योग सुचतात, असंही म्हणत. जरा हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत.

त्या वर्षी नावेचा तळ पाझरू लागला. फटींत राळ भरायची तर नाव आधी चांगली वाळायला हवी, असं सुताराने सांगितलं. म्हणजे बरेच दिवस मोकळे. सिरोंचा दोन दिवसांत पाहून झालं. बाजारात मराठीपेक्षा तेलुगूच जास्त. भाजीवालीने बोटं दाखवायची आणि आपण मान हलवायची. संध्याकाळी घाटावर कोळ्यांच्या होड्या लागत, ताजी मासळी मिळे. तिसऱ्या दिवशी ह्यांनी कुठूनशी बातमी आणली, "आलापल्लीच्या रस्त्याला जंगलात दगडाची झाडं पडलीत म्हणे. अख्खे ओंडके!"

"दगडाची झाडं कुठे असतात?" मी म्हटलं.

"म्हणून तर बघायचं."

सखारामभाऊंची बैलगाडी ठरवली. भाऊ मूळचे चामोर्शीकडचे, बायकोच्या गावी येऊन राहिलेले. तेलुगू येत होतं, गोंडी कामापुरतं. आम्ही तांदूळ, डाळ, दोन घोंगड्या आणि पाण्याची घागर घेतली. तुम्ही जाल तेव्हा डांबरी रस्ता असेल. तेव्हा चाकोरी होती आणि नाल्यांवर पूल नव्हते. थंडी मात्र अजून तशीच असणार. पहाटे निघालात तर घोंगडी हवीच.

दुपार कलताना पोचलो. आणि होती! सागाच्या पाचोळ्यात आडवे पडलेले ओंडके, तांबूस-करडे, सालीच्या रेघा जशाच्या तशा. कापलेल्यासारख्या टोकाला वर्तुळंसुद्धा दिसत होती. मी नखाने टोकरून पाहिलं. थंडगार दगड. ह्यांनी गारगोटीने ठोकलं तर पितळेच्या भांड्यासारखा आवाज निघाला.

"भाऊ, हे कसं झालं असेल?"

"कोणाले मालूम, बाई. लोक म्हनते, राक्षसाच्या चुलीतली लाकडं आहे. मी काई पायली नाई चूल."

हे मांडी ठोकून चित्र काढायला बसले ते उजेड जाईपर्यंत. रात्री जवळच्या टोल्यावर, दहाबारा झोपड्यांच्या माडिया वस्तीत, आम्हाला गोटुलात जागा मिळाली. गोटुल म्हणजे गावाची सामायिक झोपडी. पाहुणे तिथेच उतरतात. पानाच्या द्रोणात तांदळाची आंबील आली, सोबत लाल मुंग्यांची चटणी. ह्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि मग डोळे उघडून आणखी मागितली. आंबट, तिखट, लिंबाच्या सालीसारखी लागते. मिळाली तर सोडू नका.

सकाळी परत ओंडक्यांकडे जायचा बेत होता. मी तोंड धुवत होते, तेवढ्यात एक म्हातारी बाई तरातरा आली आणि सखारामभाऊंशी बोलू लागली. बोलताना सारखी आमच्या गाडीकडे हात करत होती.

"काय म्हणतात त्या?"

"सून अडली आहे, बाई. काल सकाळपासून. दाईनं हात टेकले. इथली बैलं समदी लाकडं ओढाले जंगलात गेली, तिचा नवराबी तिकडंच. आपली गाडी मांगून राह्यली, सिरोंच्याच्या दवाखान्यात न्याले."

हे लगेच सामान उतरवू लागले. गाडीत जागा थोडी होती, म्हणून ह्यांनी मागे राहायचं ठरवलं. मलाही राहायचं होतं, खरं सांगते. नऊ वर्षं लग्नाला झाली होती. नागपुरात कुणाचे दिवस भरत आले की मला त्या घरी कुणी बोलवत नसे. जाऊबाईंच्या वेळी तर, "तू नको येऊस, बरं दिसत नाही," असं सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. बाळंतपण म्हणजे बंद दार आणि मी बाहेर, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे मी चार पावलं मागे सरकून उभी राहिले.

म्हातारीने माझं मनगट धरलं आणि मला गाडीकडे ओढलं.

"मला मूल नाही, सांगा त्यांना," मी भाऊंना म्हटलं. "चालत नाही ना, अशा वेळी?"

भाऊंनी सांगितलं. म्हातारी माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी काहीतरी असंबद्ध बोलले. मग ती दोन शब्द बोलली.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, हात आहे ना? चढ."

मी चढले.

सुनेचं नाव सोमी. माझ्याहून लहान, ओठ फुटलेले. तिचं डोकं माझ्या मांडीवर आणि सासू पायाशी. कळ आली की ती माझं मनगट असं आवळायची की बांगडी पिचकली. आणि कळ ओसरली की टक लावून माझ्याकडे बघायची. एकदा तिने काहीतरी विचारलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

बैल हाकता हाकता भाऊ हसले. "नाई बाई. पुसते, तुमी पान्यावर राह्यता म्हनते, तं निजता कशा? गडबडत नाई?"

मी थक्क झाले. मग सांगितलं: नाव हलते, पण झोळीसारखी. आधी भीती वाटते, नंतर तिच्याशिवाय झोप येत नाही. भाऊ तोडक्यामोडक्या गोंडीत सांगत. सोमी पुन्हा विचारी. चूल कुठे? पाऊस आला तर? मगर येते का? मी सांगत राहिले. कळ आली की गप्प, गेली की पुढचा प्रश्न.

एका नाल्यात चाक वाळूत रुतलं. मी आणि सासू उतरून मागून रेटू लागलो. त्याच वेळी सोमी किंचाळली आणि पाठोपाठ एकदम शांत झाली. प्रश्न संपले. सासूने तिच्या गालावर थापट्या मारल्या, पण डोळे उघडेनात. भाऊ बैलांवर ओरडले, तसं ओरडताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं. गाडी निघाली. उरलेली वाट मी एकटीच बोलत होते. नावेबद्दल, नदीबद्दल, काय वाटेल ते. मराठीत, तिला न कळणाऱ्या भाषेत.

दवाखाना गाठला तेव्हा ऊन उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. सासूला बाकावर बसवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही कोण हिच्या?"

"कोणी नाही. सोबत आलेय."

"मग हात धुवा. मदतनीस सुट्टीवर आहे."

आत काय झालं ते सगळं लिहीत नाही. मी कंदील धरला, मग पाय धरले, मग जे सांगतील ते धरलं. पुष्कळ रक्त पाहिलं. शेवटी चिमट्याने ओढून बाळ बाहेर आलं, निळसर आणि मुकं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटं धरून पाठीवर चापट्या मारल्या, आणि ते मांजरीच्या पिल्लासारखं रडलं. मुलगी. "घ्या," म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि त्या सोमीकडे वळल्या. घरच्या माणसांत तिला पहिल्यांदा कुणी घेतलं असेल तर मी. मी घरची नव्हते, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमीला शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. तिचा धोका टळल्याचं कळल्यावरच मी भाऊंबरोबर ह्यांना आणायला निघाले. टोल्यावर पोचले तर हे गोटुलाच्या अंगणात उकिडवे बसलेले, भोवती सगळी वस्ती. जमिनीवर कोळशाने आमची नाव काढलेली, तळापासून छतापर्यंत. "येर," ह्यांनी मला चित्रातली नदी दाखवत म्हटलं, "म्हणजे पाणी." बडबड्या माणसाकडे गोंडीतला तेवढाच एक शब्द जमला होता आणि तो ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवत होते. भाऊंनी बातमी सांगितली. एक म्हातारा उठला, "जोहार" म्हणाला आणि माझ्यापुढे मोहाच्या वाळलेल्या फुलांचा द्रोण ठेवला. ह्यांनी माझी पिचकलेली बांगडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि द्रोण उचलून माझ्या हातात दिला.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: दगडी ओंडक्याचा तुकडा तोडून आणू नका. घाई करू नका. गाडीत एका माणसाची जागा रिकामी ठेवा.

आम्ही शिमग्याच्या आधी चांद्यामार्गे मोटारीने नागपूरला परतलो. जाऊबाई आणि शेजारपाजारच्या बायका जमल्या. हे दगडी झाडांची चित्रं दाखवू लागले. सगळ्यांना खोटीच वाटली. मग कुणीतरी मला विचारलं, "आणि तुम्ही हो काय पाहिलंत?"

"बाळंतपण," मी म्हटलं. "पहिलं बाळ मीच घेतलं हातात."

जाऊबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मी ते पदराखाली घेतले नाहीत.