अडीचच्या मालिकेचे तपासनीस

माझ्या मावसाजींनी आयुष्यात कुणालाही फुकट बसू दिलं नाही. एसटीतही नाही आणि टीव्हीतही नाही. नोकरीत ते तिकीट तपासनीस होते. काटोल-सावनेरच्या रस्त्यावर कुठल्याही फाट्याला ते अचानक झाडाखालून प्रकट होत, गाडी थांबवत आणि संत्र्यांच्या टोपल्या, कापसाची बोचकी आणि झोपेचं सोंग घेतलेली माणसं यांच्यातून वाट काढत थेट शेवटच्या बाकापर्यंत जात. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, पण तपासणी राहिली. माझ्या लग्नात त्यांना जेवणाच्या मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला उभं केलं होतं. हात जोडून 'या, बसा' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यांनी प्रत्येक अनोळखी माणसाला 'कोणाकडून?' असं विचारायला सुरुवात केली, आणि ज्याला चटकन सांगता आलं नाही त्याला सरळ बाजूला उभं केलं. बाजूला उभं राहिलेल्यांत माझे चुलत सासरे होते. त्यांना जरा कमी ऐकू यायचं. ते बिचारे पहिली पंगत उठेपर्यंत कुणीतरी बोलावण्याची वाट बघत राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस सासरी माझी ओळख 'तिकीटवाल्यांची भाची' अशीच होती.

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात सकाळच्या पाळीला रिसेप्शनवर बसते. मावसाजी रक्तदाब दाखवायला तिथं यायचे तेव्हा मला धडकी भरायची. यवतमाळहून, चंद्रपूरहून आलेली माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली असत आणि हे स्वतःचा नंबर येईपर्यंत एकेकाचा कागद मागून बघत. माणसं देतही. त्या आवाजापुढे नाही म्हणायची कुणाची छाती नसे. एकदा एक औषध कंपनीचा तरुण बॅग घेऊन थेट डॉक्टरांच्या दाराकडे निघाला, तर मावसाजींनी त्याला दंडाला धरून रांगेत बसवलं. तो इतका गोंधळला की नंबर आल्यावर आत जाऊन स्वतःचाच रक्तदाब मोजून आला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. खरंच वाढलेला निघाला होता.

मावशी गेली तेव्हापासून मानेवाड्याच्या घरात मावसाजी एकटेच राहायचे. त्यांची एकुलती एक लेक वैशू मुंबईत होती. मी दवाखान्यातून दीडला सुटले की डबा घेऊन त्यांच्याकडे जायची. आमची जेवणं आटोपली की अडीच वाजता टीव्हीवर त्यांची मालिका लागायची. ती मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यातल्या पोरी शाळेत होत्या, आता त्यांच्या पोरी शाळेत जात होत्या. मावसाजी ती उभ्यानं बघायचे. सगळं आयुष्य चालत्या गाडीत उभं राहण्यात गेलेलं, त्यामुळे एका हातानं टीव्हीशेजारच्या कपाटाची मूठ घट्ट धरलेली आणि पाय जरा फाकवलेले, अशा पवित्र्यात त्यांचा अर्धा तास जाई. पडद्यावर नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, 'हा कुठून चढला?' मालिकेतल्या वाड्यातली आईसाहेब नावाची सासू अंगभर दागिने घालून झोपते, पण घरात भाजी कोण आणतं हे कधी दाखवत नाहीत, यावर त्यांचा फार राग होता. त्याहून मोठा राग चहाचा. त्या घरात रोज ट्रे भरून चहा यायचा, पण कुणीतरी कप हातात घेतला रे घेतला की दाराशी कुणीतरी येऊन काहीतरी भयंकर सांगायचं आणि चहा तसाच राहायचा. 'यांच्या घरी एवढ्या वर्षांत एक घोट चहा कोणाच्या पोटात गेला नाही,' असं ते मनापासून हळहळून म्हणायचे.

वैशूचं आणि त्यांचं बरं नव्हतं असं नाही, पण बोलणं बेतास बात होतं. तिनं बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांच्या मनात होतं आणि ती मालिका लिहायला मुंबईला निघून गेली. ती काय करते असं शेजारी कुणी विचारलं की ते म्हणत, 'लोकांइले खोटं कसं बोलायचं ते लिहून देते.' ती कोणत्या मालिकेसाठी लिहिते हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

अशात एका दुपारी मी दवाखान्यातून निघत असताना तिचा फोन आला. त्या अडीचच्या मालिकेची मुख्य लेखिका, म्हणजे गोष्ट कुठल्या वळणानं न्यायची ते ठरवणारी बाई, बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि ती परत येईपर्यंत मालिका वैशूच्या हाती दिली होती. नीट सांभाळली तर पुढे तिला स्वतःची मालिका मिळणार होती, बिघडवली तर दुसऱ्यांचे संवाद पुसत-लिहीत बसायचं होतं. तिच्या आवाजात आनंद होता, पण भीती जास्त होती. बाबाले सांगू नको, असं तिनं मला बजावलं. त्यांना कळलं तर एक तर ते तोंड मिटून बसतील, नाहीतर नको तेवढं बोलतील. मात्र मालिका बघताना ते जे जे म्हणतील ते सगळं मला कळव, अगदी शब्दाला शब्द, असं तिनं सांगितलं. मुंबईत सगळे 'मस्त, मस्त' म्हणतात आणि त्यातलं खरं किती ते कळत नाही, असंही ती म्हणाली.

वैशूनं लिहिलेले भाग पडद्यावर यायला लागले आणि दोन-चार दिवसांतच मावसाजींनी कपाटाची मूठ जरा जास्त घट्ट धरली. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'ड्रायव्हर बदलला वाटते. गाडी तेच, रस्ता तोच, पण वळणावर दचका बसून राहिला.' मी चकित झाले. शेवटी झरझर सरकणारी नावं त्यांनी कधी वाचली नव्हती, नावं यायच्या आधीच ते टीव्ही बंद करायचे. त्या दिवसापासून त्यांनी त्या अज्ञात लेखकाचं नाव 'बदली ड्रायव्हर' ठेवलं आणि त्याची एकही चूक सोडली नाही. अमरावतीहून निघालेला माणूस पुण्याच्या दारात इतक्या लवकर कसा उभा राहिला? रागानं घर सोडून निघालेली सून पर्स न घेता गेली, मग रिक्षावाल्याला पैसे कुठून दिले? नवरा-बायकोच्या भांडणात मध्येच एवढी शहाणपणाची वाक्यं कुठून येतात? मी हे सगळं रोज संध्याकाळी वैशूला फोनवर सांगायची. पहिल्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'अजून काय म्हणाले?' त्यानंतर रोज तिचं हेच वाक्य असायचं.

काही आठवड्यांनी पडद्यावर नवल घडलं. आईसाहेबांच्या घरी चहा आला, थोरल्या दिरानं कप उचलला आणि तो शांतपणे शेवटपर्यंत प्यायला. दाराशी कुणीही आलं नाही. उलट त्यानं अजून अर्धा कप मागितला. मावसाजी कपाटाची मूठ सोडून माझ्याकडे बघतच राहिले. पुढच्या आठवड्यात सुनेच्या हातात भाजीची पिशवी दिसली, तिच्यातून मेथी डोकावत होती. तेव्हा मात्र त्यांची खात्री पटली की मुंबईचे लोक आपलं बोलणं ऐकतात. कसं ऐकतात याचाही त्यांनी शोध लावला. मोबाइलमध्ये सगळं ऐकू जातं असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून मालिका संपली की ते मोबाइल स्टुलावर उताणा ठेवत, घसा साफ करत आणि त्याच्याकडे वाकून एकेक सूचना सावकाश, खणखणीत आवाजात सांगत. 'धाकट्या पोराचे केस वाढले, कापून घ्या. आईसाहेबाइले रात्री तरी दागिने काढू द्या.' मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात जायची आणि संध्याकाळी तेच सगळं मुंबईला पोचवायची. मोबाइलवर त्यांची श्रद्धा बसली ती बसलीच. गल्लीतले लोकही त्या मोबाइलला नळाच्या पाण्याची तक्रार सांगायला येऊ लागले.

मग एक दुपार आली. त्या भागात आईसाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. आजवर हातात वर्तमानपत्र धरून बसण्यापलीकडे काही न केलेले त्यांचे यजमान खाटेशी उभे होते आणि टीव्हीवर काय चाललं आहे ते त्यांना सांगत होते. आता ती आत आली, दिवा लावला, का लावला कोण जाणे, दुपार आहे, असं काहीतरी. मी हसले आणि मावसाजींकडे बघितलं. ते खुर्चीवर बसले होते. मालिका चालू असताना त्यांना बसलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

हे मावसाजींच्याच घरात घडलेलं होतं. मावशीच्या डोळ्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि बरेच दिवस पट्टी काढायची नव्हती. तिची ही मालिका चुकवायची तिची तयारी नव्हती. त्याआधी मावसाजींनी या मालिकेकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं, पण त्या दिवसांत ते रोज अडीच वाजता टीव्हीशेजारी उभे राहून, साहेबांना अहवाल द्यावा तसं तिला सगळं सांगायचे. कॉलेजातली वैशू दाराशी बसून ते ऐकायची आणि हसून हसून लोळायची. मावशीचे डोळे बरे झाले, पुढे काही वर्षांनी ती गेलीही, पण मावसाजींचं टीव्हीशेजारचं उभं राहणं सुटलं नाही.

पडद्यावर आईसाहेब पट्टीखालून म्हणाल्या, 'तुमच्या डोळ्यांनी मला सगळं दिसतंय हो,' आणि सनई वाजली. मावसाजींनी टीव्ही बंद केला. थोडा वेळ रिमोट हातातच होता. मग म्हणाले, 'वैशूले फोन लाव.'

मी लावला. त्यांनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. कधीपासून लिहून राहिली, का सांगितलं नाही, यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, 'तुझी माय असं बोलली नव्हती. ते म्हणे, जी, मले दिसत नाही, पण ऐकू तर येते. तुमच्या बोलण्यापायी तेही ऐकू येऊन नाही राहिलं.'

पलीकडे वैशू हसली. मग म्हणाली की तिला ते वाक्य आठवत होतं, पण तसं लिहिलं असतं तर वरच्या लोकांनी कापून टाकलं असतं.

'कापू दे,' मावसाजी म्हणाले. 'तू लिही.'

बाकी भाग कसा वाटला, असं तिनं भीत भीत विचारलं. त्यावर चहा गार होऊन राहिला असं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चहा अजून ठेवलाच नव्हता.

माझं निरोप्याचं काम त्या दिवशी संपलं. पुढे मालिका झाली की तीन वाजता वैशूचा फोन थेट त्यांनाच यायचा आणि दोघं तासतासभर भांडायचे. इतक्या वर्षांत झालं नव्हतं तेवढं बोलणं त्या काही महिन्यांत झालं. त्यांनी तिला एकही चूक माफ केली नाही. पण नंतर मूळ लेखिका रजेवरून परत आली, मालिका पुन्हा तिच्या हाती गेली, आणि आयुष्यभर न्यायानं वागलेला हा माणूस एकदम अन्यायानं वागू लागला. पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला की या नव्या बाईले जमत नाही. मी म्हटलं, मावसाजी, ती नवी नाही, मालिका तिचीच आहे, तिनंच सुरू केली. 'मंग काय झालं,' ते म्हणाले, 'वैशूच्या मागून आली ना.' आठवडाभरात त्यांनी ती मालिका बघणं सोडलं आणि गल्लीत चार घरी सोडायलाही लावलं.

वैशूला पुढच्या वर्षी स्वतःची मालिका मिळाली, तीही दुपारचीच. तिचे सुरुवातीचे काही महिने मावसाजींनी उभ्यानं बघितले, मग खुर्चीवर बसून, मग खाटेवरून. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मानेवाड्याचं घर आता बंद असतं. मी दीडला सुटून सरळ घरी येते, एकटीच जेवते आणि वैशूची मालिका लावते. ती संपली की तिचा फोन येतो. कसा वाटला भाग, असं ती विचारते. मी म्हणते, छान होता. खरंच छान असतो. मग ती विचारते, 'अजून?' मी पुष्कळ आठवून बघते, पण मला एकही चूक सापडत नाही.