पहिलं मत माझं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याला जे सांगितलं, ते खोटं होतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, ब्रिस्टलला असताना, मी तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात बसायचे. वकील वगैरे नाही हं मी. तिथे साधी माणसंच बिनपगारी न्याय द्यायला बसतात, तिघं मिळून. मराठी मंडळाने मला डोक्यावर घेतलं होतं. आपली बाई बेंचवर!

एका सकाळी लागोपाठ दोन केसेस आल्या. दोन्ही पबबाहेरच्या मारामाऱ्या, एकेकच ठोसा, दोघांचा पहिलाच गुन्हा, दोघांनीही कबूल केलेला. पहिला गोरा, युनिव्हर्सिटीतला. वडील सूट घालून मागे बसलेले. त्याला पाच मिनिटांत कम्युनिटी सर्व्हिस दिली — म्हणजे जेल नाही, काही तास बिनपगारी काम करायचं आणि घरी जायचं. दुसरा काळा, तिशीचा, हॉस्पिटलात पेशंटचे स्ट्रेचर ढकलणारा. जेल झाली तर नोकरी जाईल, हे त्याच्या वकिलाने दोनदा सांगितलं.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथली रीत अशी, की सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं — जुन्यांचं दडपण नको म्हणून. नवी मीच. काय अवघड होतं हो? मघाशी दिलं तेच द्या, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मला वाटलं, शेजारचे हे दोघे गोरे म्हणतील, हिने रंग बघून बाजू घेतली. शिवाय — आता लपवून काय करू? — मला त्या माणसाची भीती वाटली होती. काही केलं नव्हतं त्याने. नुसता उभा होता.

"जेल," मी म्हणाले. "सहा आठवडे."

आमच्या तिघांतल्या अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर आधीच कम्युनिटी सर्व्हिस लिहून ठेवलं होतं. तिसऱ्यांच्या कागदावरही तेच. मला दिसत होतं ते. अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हालाच तसं वाटत असेल, तर आम्ही काय बोलणार?" म्हणाल्या, आणि लिहिलेलं खोडलं. निदान तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, दोन विरुद्ध एक झालं, मी खूप भांडले. पुढे मंडळाच्या गणपतीत तेच भाषणात ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. इथे काळ्या माणसाला वेगळा न्याय मिळतो, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगत सुटले — आणि खरंच मिळतो, म्हणून तर स्वतःची इतकी चीड येते.

ते दोघे त्याला घरी पाठवायला तयार होते. जेलमध्ये मी पाठवलं.